टेरी प्रॅचेट यांचे वाचक त्यांच्यावर एवढे प्रेम का करतात?

टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाचे १२ मार्च २०१५ रोजी निधन झाले. त्यानंतर त्यांच्या वाचकांनी त्यांच्या नावे जे काही केले, त्यातील सर्वांत विलक्षण गोष्ट डोळ्यांना दिसणारी नाही. जगभरच्या संगणकतज्ज्ञांनी आपापल्या संकेतस्थळांच्या सर्व्हरवर एक छोटीशी ओळ लिहून ठेवली. पान उघडणाऱ्याला ती पडद्यावर दिसत नाही आणि तिच्यामुळे पानाच्या कामात काही फरकही पडत नाही. मात्र कुणी पान उघडले की दर वेळी प्रॅचेट यांचे नाव सर्व्हरकडून त्या माणसाच्या संगणकाकडे जाते. त्याच वर्षी जूनमध्ये नेटक्राफ्ट या इंटरनेटची पाहणी करणाऱ्या कंपनीला अशी सुमारे ८४ हजार संकेतस्थळे आढळली.

मोठा लेखक गेला की शोकसभा होतात, गौरवग्रंथ निघतात, एखाद्या रस्त्याला त्याचे नाव दिले जाते. कुणाच्याही नजरेस न पडणारी ओळ लिहावी असे हजारो वाचकांना का वाटले, याचा उलगडा ‘ते लोकप्रिय होते’ एवढ्याने होत नाही, कारण लोकप्रिय लेखक पुष्कळ असतात. मला दिसणारे कारण असे आहे, की प्रॅचेट यांच्या गोष्टींतील कल्पना वाचकांना स्वतःच्या जगण्यात वापरता आल्या, त्या त्यांनी खरोखर वापरल्या, आणि लेखकाविषयीचे प्रेम या वापरातून साठत गेले. सर्व्हरवरची ती ओळसुद्धा अशीच त्यांच्या एका कादंबरीतून उचललेली आहे. ती समजून घेण्यासाठी आधी लेखक आणि त्याचे जग यांची ओळख करून घ्यावी लागेल.

प्रॅचेट यांचा जन्म १९४८ साली इंग्लंडमधील बीकन्सफील्ड या गावी झाला. शाळेत त्यांचे मन फारसे रमले नाही. आपले खरे शिक्षण गावच्या सार्वजनिक वाचनालयात झाले, असे ते पुढे आवर्जून सांगत. सतराव्या वर्षी शाळा सोडून ते एका स्थानिक वृत्तपत्रात उमेदवारी करू लागले. १९८० पासून त्यांनी वीजनिर्मिती करणाऱ्या केंद्रीय मंडळात प्रसिद्धी अधिकारी म्हणून नोकरी केली आणि तिथल्या अणुवीज केंद्रांविषयी पत्रकारांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचे काम त्यांच्याकडे आले. माणसे कशी बोलतात, काय लपवतात आणि संकटात कशी वागतात हे वार्ताहराला जवळून पाहायला मिळते, तर एखादी मोठी संस्था आतून कशी चालते आणि कशी अडते हे तिथल्या अधिकाऱ्याला कळते. या दोन नोकऱ्यांचा त्यांच्या लेखनावरचा ठसा मला कोणत्याही जादूटोण्याच्या पूर्वपरंपरेपेक्षा खोल वाटतो. १९८७ मध्ये नोकरी सोडून ते पूर्णवेळ लेखक झाले.

त्यांच्या कीर्तीचा मुख्य आधार म्हणजे ‘डिस्कवर्ल्ड’ ही कादंबरीमाला. तिची पहिली कादंबरी ‘द कलर ऑफ मॅजिक’ १९८३ मध्ये आली आणि एकेचाळिसावी, म्हणजे शेवटची, ‘द शेफर्ड्स क्राउन’ त्यांच्या मृत्यूनंतर ऑगस्ट २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. या सर्व कादंबऱ्या ताटासारख्या चपट्या असलेल्या एका जगात घडतात. ते जग चार महाकाय हत्तींच्या पाठीवर तोललेले आहे आणि ते हत्ती अवकाशातून पोहत जाणाऱ्या एका प्रचंड कासवाच्या पाठीवर उभे आहेत. पृथ्वीला आधार देणारे दिग्गज आणि मंदराचल पाठीवर घेणारा कूर्म आपल्याला पुराणकथांतून लहानपणापासून ठाऊक असतात. जग हत्तींवर आणि हत्ती कासवावर ही एकत्र केलेली प्रतिमा ‘हिंदूंची समजूत’ म्हणून युरोपात सतराव्या शतकापासून सांगितली जात आली आहे. प्रॅचेट यांनी ही प्रतिमा घेतली आणि तिच्याकडे अत्यंत व्यवहारी नजरेने पाहिले. जग कासवावर असेल, तर ते कासव नर आहे की मादी, हा प्रश्न तिथल्या शास्त्रज्ञांना पडणारच, कारण ते एखाद्या जोडीदाराच्या भेटीला निघाले असेल तर पाठीवरच्या जगाचे काय होईल, याची काळजी कुणीतरी करायला हवी. म्हणून पहिल्याच कादंबरीत एका देशाचे विद्वान जगाच्या कडेवरून खाली यान सोडून हे शोधून काढण्याच्या तयारीला लागलेले दिसतात.

अद्भुताला व्यवहाराचे प्रश्न विचारायचे, ही त्यांची पद्धत आहे. आरंभीच्या पुस्तकांत तिचा उपयोग मुख्यतः विडंबनासाठी होतो. तलवारबहाद्दर, जादूगार, ड्रॅगन या ठरीव गोष्टींची थट्टा तिथे चालते. पुढे हेच प्रश्न गंभीर होत गेले. बुटके आणि दगडी शरीराचे ट्रोल यांचे हाडवैर असेल आणि दोन्ही जमातींची माणसे पोट भरण्यासाठी एकाच शहरात आली, तर त्यांचे शेजारपण कसे असेल? त्या शहराच्या पोलीस दलात दोघांनाही घ्यायचे ठरले तर काय होईल? जिथे आजवर खबर फक्त तोंडोतोंडी फिरत होती, तिथे पहिले वृत्तपत्र निघाले तर सत्ताधाऱ्यांना काय वाटेल? आंख-मॉरपॉर्क हे त्यांच्या जगातील सर्वांत मोठे शहर अशा प्रश्नांतून उभे राहिले. एकेका कादंबरीबरोबर त्याला वृत्तपत्र, टपाल, बँक आणि शेवटी आगगाडी मिळत गेली, तसतसे ते वाचकाला स्वतःच्या शहराइतके ओळखीचे झाले. अद्भुतरम्य साहित्य म्हणजे वास्तवापासून पळ काढण्याची जागा, असा एक समज आहे. प्रॅचेट यांच्या वाचकाचा अनुभव नेमका उलटा असतो. परीकथेच्या पोशाखात आल्यामुळे वास्तवातील गोष्ट त्याला पहिल्यांदाच धडपणे दिसते.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९९३ च्या ‘मेन ॲट आर्म्स’ या कादंबरीत आहे, आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे. सॅम्युअल व्हाइम्स हा शहराच्या पहारेकऱ्यांचा कप्तान आहे. गरिबीत वाढलेला हा माणूस एका अतिश्रीमंत घराण्यातील स्त्रीशी लग्न करणार आहे, आणि श्रीमंतांचा खर्च आपल्यापेक्षा कमी कसा असतो याचे त्याला कोडे पडले आहे. त्याचा पगार महिन्याला अडतीस डॉलर आणि वर काही भत्ते. चामड्याच्या खरोखर चांगल्या बुटांची किंमत पन्नास डॉलर, तर त्याला परवडणारे, एक-दोन हंगाम जेमतेम टिकणारे बूट दहा डॉलरला मिळतात. ते झिजले की पाणी आत शिरते आणि नवे घ्यावे लागतात. ज्याच्यापाशी एकदम पन्नास डॉलर असतात, त्याचे पाय दहा वर्षांनंतरही कोरडेच राहतात; ज्याच्यापाशी नसतात, त्याने त्याच दहा वर्षांत बुटांवर शंभर डॉलर घातलेले असतात आणि त्याचे पाय तरीही ओलेच असतात. गरीब असणे महाग पडते, हे यातील सूत्र. एकरकमी भाडे-अनामत भरता न आल्याने अधिक भाड्याची खोली घ्यावी लागणारा किंवा किराणा महिन्याचा एकदम न भरता रोज पुडीत बांधून घेणारा माणूस आपल्याही आसपास असतो, आणि त्याचे गणित या दोन परिच्छेदांत जसे मांडले आहे, तसे मला एखाद्या जाड ग्रंथातही क्वचितच सापडले आहे.

‘बुटांचा सिद्धान्त’ या नावाने हा उतारा ब्रिटनमध्ये गरिबीविषयीच्या चर्चेत वर्षानुवर्षे वापरला गेला. जानेवारी २०२२ मध्ये अन्नविषयक लेखिका आणि कार्यकर्त्या जॅक मन्रो यांनी महागाईचे सरासरी आकडे गरिबांच्या स्वस्तातल्या वस्तूंची खरी भाववाढ दाखवत नाहीत, असा मुद्दा मांडला आणि या वस्तूंच्या किमतींचा वेगळा निर्देशांक तयार करण्याचे जाहीर केले. त्याला त्यांनी व्हाइम्सच्या बुटांचे नाव दिले आणि प्रॅचेट यांच्या वारसांनी ते वापरण्यास संमती दिली. त्याच सुमारास ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानेही वेगवेगळ्या उत्पन्नगटांना महागाई कशी वेगवेगळी जाणवते, याकडे अधिक लक्ष देण्याचे मान्य केले. एका काल्पनिक पोलिसाच्या मनात आलेला विचार कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर जवळजवळ तीस वर्षांनी किराणा दुकानातील भावांच्या वादात उभा राहतो, यातच वाचक या पुस्तकांचे काय करतात ते दिसते.

दुसरी, आणि मला अधिक हृदयस्पर्शी वाटणारी, कल्पना मृत्यूची आहे. डिस्कवर्ल्डमधील मृत्यू हे एक पात्र आहे. काळा झगा, हातात लांब दांड्याचा विळा, नुसता हाडांचा सापळा, हे सारे युरोपीय चित्रपरंपरेतलेच. पण त्याच्या पांढऱ्या घोड्याचे नाव बिंकी आहे, त्याला मांजरे आवडतात आणि माणसे अशी का वागतात याचे त्याला मनापासून कुतूहल आहे. त्याचे बोलणे अवतरणचिन्हांवाचून, सगळे इंग्रजी मोठ्या अक्षरांत छापलेले असते, त्यामुळे पानावर नजर टाकताच तो आल्याचे कळते. तो कुणाला मारत नाही. माणूस मेल्यावर तो सोबतीला येतो. १९९१ च्या ‘रीपर मॅन’मध्ये त्याचे काम काढून घेतले जाते आणि तो एका म्हाताऱ्या बाईच्या शेतावर गडी म्हणून राबतो, गवताचे एकेक पाते वेगवेगळे कापतो, आणि अखेरीस विश्वाच्या सर्वोच्च सत्तेपुढे उभा राहून असे मागणे मांडतो, की कापणाऱ्याच्या मनात माया नसेल तर पिकाने आशा तरी कसली धरावी.

असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेल्या वाचकांची पत्रे आपल्याला येतात आणि मृत्यू या पुस्तकांतल्यासारखा असावा अशी आशा ते व्यक्त करतात, असे प्रॅचेट यांनी सांगितले आहे. विनोदी लेखक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाला अशी पत्रे यावीत, ही गोष्ट मला त्यांना मिळालेल्या सर्व पुरस्कारांहून मोठी वाटते. पुढे त्यांच्या निधनाची बातमीही त्यांच्या ट्विटर खात्यावरून या पात्राच्या तोंडूनच, मोठ्या अक्षरांत, दिली गेली. मृत्यू त्यांना आदराने आपल्याबरोबर चालण्यास सांगतो आहे, असा तो मजकूर होता. वाचकांनी मग मृत्यूच्याच नावे एक ऑनलाइन अर्ज केला, त्यात प्रॅचेट यांना परत पाठवावे अशी मागणी होती, आणि हजारो लोकांनी त्यावर सह्या केल्या. बाहेरच्याला हे पोरकट वाटेल. ज्यांनी ती पुस्तके वाचली आहेत त्यांना मात्र तो शोक करण्याचा अगदी स्वाभाविक मार्ग वाटला, कारण दुःखाच्या वेळी वापरायची भाषा त्यांना त्याच लेखकाने शिकवली होती.

या विनोदाच्या मुळाशी एक ठाम नैतिक भूमिका आहे. ‘कार्पे जुगुलम’ (१९९८) मध्ये ग्रॅनी वेदरवॅक्स ही चेटकीण एका तरुण धर्मोपदेशकाला सांगते, की माणसांना वस्तूंसारखे वागवणे हेच पाप, आणि स्वतःलाही तसे वागवणे त्यातच आले. ‘हॉगफादर’ (१९९६) मध्ये मृत्यू आपल्या नातीला समजावतो, की सगळे विश्व दळून त्याची वस्त्रगाळ पूड केली तरी तीत न्यायाचा किंवा दयेचा एक कणही सापडणार नाही. म्हणूनच माणसांना त्यांवर विश्वास ठेवावा लागतो, तेव्हाच ती अस्तित्वात येतात, आणि लहानपणी सांगितलेल्या काल्पनिक गोष्टी हा त्या मोठ्या विश्वासाचा सराव असतो. परीकथा कशासाठी, या प्रश्नाचे यापेक्षा प्रामाणिक उत्तर मला माहीत नाही. प्रॅचेट यांचा विनोद सत्तेवर, ढोंगावर आणि आळशी विचारावर रोखलेला असतो. दुबळ्याला चिरडून हशा मिळवणे त्यांना मान्य नव्हते. त्यांच्या विनोदामागे राग आहे, हे त्यांच्या निकटवर्तीयांनीही नोंदवले आहे. वाचकाला तो राग आपल्या बाजूचा वाटतो.

लेखक आणि वाचक यांच्यातले अंतर कमी होण्यामागे लेखनाच्या तंत्राचाही भाग आहे. प्रॅचेट कादंबरीत तळटीपा देतात, आणि त्या विद्वत्तेसाठी नसून लेखकाने मध्येच वाचकाच्या कानाशी येऊन काही सांगावे अशा असतात. त्यांचे पान शेक्सपिअर, लोककथा, विज्ञान, जुने चित्रपट, लंडनचा इतिहास अशा शेकडो संदर्भांनी भरलेले असते. त्यातले काही कळतात, काही दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात उलगडतात. साहजिकच वाचक एकमेकांना विचारू लागले, आणि १९९० च्या दशकात त्यांनी मिळून या संदर्भांची एक मोठी टिपणवही तयार केली. तिच्यासाठीच्या चर्चांत प्रॅचेट स्वतः भाग घेत, शंकांना उत्तरे देत, आणि आपल्याला सुचलाही नव्हता असा एखादा संदर्भ वाचकाने शोधला तर तसे मोकळेपणाने सांगत.

यातून वाचकांचे रूपांतर सहकाऱ्यांत होत गेले. ॲबिंग्डन येथील हौशी नाट्यसंस्थेत काम करणाऱ्या स्टीफन ब्रिग्ज यांनी एका कादंबरीचे नाटक करण्याची परवानगी मागितली आणि १९९१ मध्ये ‘विअर्ड सिस्टर्स’ रंगमंचावर आले. त्यानंतर त्यांनी अनेक नाट्यरूपांतरे केली, जी आज जगभरचे हौशी संघ सादर करतात. माझ्या जगाचा नकाशा नाही, असे लेखक आरंभी सांगत होते. ब्रिग्ज यांनी पुस्तकांतील उल्लेख जुळवून आंख-मॉरपॉर्कच्या रस्त्यांचा नकाशाच बनवला आणि १९९३ मध्ये तो दोघांच्या नावे प्रसिद्ध झाला. पुढच्या कादंबऱ्या लिहिताना लेखकाला वाचकाने केलेल्या या कामाचा आधार मिळू लागला. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील विंकॅन्टन हे छोटे गाव २००२ मध्ये आंख-मॉरपॉर्कचे जुळे शहर झाले, आणि २००९ मध्ये तिथल्या नव्या वसाहतीतील दोन रस्त्यांना कादंबऱ्यांतील रस्त्यांची नावे मिळाली. जादूच्या विद्यापीठाचा ग्रंथपाल अपघाताने ओरांगउटान जातीचा वानर होतो आणि पुन्हा माणूस व्हायला नकार देतो, हा मालिकेतील एक आवडता धागा. त्याच्यामुळे प्रॅचेट ओरांगउटानांचे रक्षण करणाऱ्या संस्थेचे विश्वस्त झाले, बोर्निओला जाऊन आले, आणि वाचकांनी त्या संस्थेला सातत्याने मदत केली. न्यूझीलंडमध्ये सापडलेल्या एका प्राचीन सागरी कासवाच्या जीवाश्मालाही १९९५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

डिसेंबर २००७ मध्ये प्रॅचेट यांनी आपल्याला अल्झायमरचा एक विरळ प्रकार झाल्याचे जाहीर केले. या प्रकारात मेंदूच्या मागच्या भागाची आधी हानी होते. डोळे ठीक असूनही समोर दिसणाऱ्या गोष्टींचा अर्थ लावणे अवघड होते, टंकलेखन आणि शुद्धलेखन हातचे जाते, पण बोलणे आणि विचार करणे दीर्घकाळ शाबूत राहू शकते. लेखकाच्या वाट्याला यावा असा हा आजार नव्हे. त्यांनी तो लपवला नाही. २००८ मध्ये त्यांनी या आजारावरील संशोधनासाठी दहा लाख डॉलर दिले, तेव्हा तेवढीच रक्कम आपणही जमवू, अशी मोहीम वाचकांनी सुरू केली. २००९ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. हाताने लिहिता येईना तेव्हा आपले सहायक रॉब विल्किन्स यांना आणि संगणकावरील श्रुतलेखनाच्या सोयीला सांगून त्यांनी कादंबऱ्या पुऱ्या केल्या. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाविषयी घराघरांत कुजबुजीनेच बोलले जात असताना एका लाडक्या लेखकाने चित्रवाणीवर येऊन आपला आजार उघडपणे दाखवला, याचा परिणाम ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांना वेगळा सांगायला नको.

आता त्या अदृश्य ओळीकडे वळता येईल. २००४ च्या ‘गोइंग पोस्टल’ या कादंबरीत फाशीच्या दोरापासून वाचलेल्या एका ठगाकडे मोडकळीला आलेले टपालखाते सोपवले जाते. त्या जगात टपालाचा प्रतिस्पर्धी म्हणजे ‘क्लॅक्स’: टेकड्यांवर ठरावीक अंतराने उभे केलेले मनोरे, त्यांवरच्या झडपांच्या उघडझापीने होणाऱ्या खुणा, आणि दुर्बिणीतून त्या वाचून पुढच्या मनोऱ्याकडे पाठवणारी माणसे. ही निव्वळ कल्पना नाही. फ्रान्समध्ये १७९४ साली पॅरिस ते लील असा खुणांचा तारायंत्राआधीचा मार्ग सुरू झाला होता, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनी सरकारने कलकत्ता ते चुनार या मार्गावर बांधलेल्या अशाच मनोऱ्यांपैकी काही पश्चिम बंगालमध्ये आजही उभे आहेत.

क्लॅक्सवरून गिऱ्हाइकांचे निरोप जातात, तसे यंत्रणेचे स्वतःचे निरोपही जातात. ते फक्त मनोऱ्यांवरील माणसांसाठी असतात आणि बाहेरच्या कुणाला दिसत नाहीत. या दुसऱ्या प्रकारात काही संकेताक्षरे आहेत. ‘जी’ म्हणजे निरोप पुढे पाठवा, ‘एन’ म्हणजे त्याची नोंद ठेवू नका, आणि ‘यू’ म्हणजे मार्गाच्या टोकाला पोहोचला की तो परत फिरवा. या तीन अक्षरांपुढे एखादे नाव लिहिले, तर ते मनोऱ्यांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि पुन्हा उलट असे अखंड फिरत राहते. कादंबरीत कामावर असताना जीव गमावलेल्या जॉन डिअरहार्टचे नाव त्याचे सोबती असे फिरवत ठेवतात. जोवर माणसाचे नाव उच्चारले जात आहे तोवर तो पुरता मेलेला नाही, ही त्यामागची श्रद्धा.

आजचे इंटरनेट याच तत्त्वावर चालते. आपण एखादे पान उघडायला सांगितले की सर्व्हरकडून येणाऱ्या उत्तराचे दोन भाग असतात. मजकूर, चित्रे इत्यादी जे आपल्याला दिसते तो दुसरा भाग. त्याच्या आधी काही ओळींचे शीर्षक येते, त्यात मजकुराचा प्रकार, लांबी, तारीख अशी यंत्रांनी यंत्रांसाठी लिहिलेली माहिती असते. या शीर्षकात कुणालाही स्वतःची जादा ओळ घालता येते, आणि आपला ब्राउझर जी ओळ ओळखत नाही तिच्याकडे निमूटपणे दुर्लक्ष करतो, म्हणून असे केल्याने काहीही बिघडत नाही. वाचकांनी ‘एक्स-क्लॅक्स-ओव्हरहेड’ या नावाची ओळ ठरवली आणि तिच्यापुढे ती तीन अक्षरे व प्रॅचेट यांचे नाव लिहिले. कादंबरीतील मनोऱ्यांवर जे घडते, ते त्यांनी खऱ्या जाळ्यावर तंतोतंत घडवून आणले. ही ओळ अदृश्य का, याचेही उत्तर इथे मिळते: मूळ गोष्टीत ती यंत्रणा चालवणाऱ्यांनी आपल्यातल्या एकासाठी राखलेली आठवण आहे, आणि संगणकतज्ज्ञ वाचकांनी लेखकाला आपल्यातलाच एक मानले. शोधू पाहणाऱ्यासाठी, अशी ओळ आली की खूण दाखवणारी ब्राउझरची छोटी जोडणीही त्यांनी बनवली आहे.

प्रेमाला मर्यादा पाळता येते, हे पुढच्या एका प्रसंगात दिसले. आपले अपुरे लेखन आपल्या मागे नष्ट करावे, अशी प्रॅचेट यांची इच्छा होती. २५ ऑगस्ट २०१७ रोजी डॉर्सेट परगण्यातील वाफेच्या यंत्रांच्या जत्रेत त्यांच्या संगणकाची हार्ड डिस्क वाफेवर चालणाऱ्या जुन्या रोडरोलरखाली चिरडण्यात आली. त्या डिस्कवर नव्या कादंबऱ्यांचे कच्चे खर्डे होते. वाचकांना हळहळ वाटली, तरी बहुतेकांनी हा निर्णय मनापासून मान्य केला, कारण अपुऱ्या पानांपेक्षा लेखकाचा शब्द त्यांना मोठा वाटला. याउलट, त्यांनी तरुणपणी टोपणनावाने वृत्तपत्रांत छापलेल्या कथा मात्र वाचकांनीच जुन्या अंकांच्या ढिगांतून चिकाटीने शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. त्या कथा लेखकाने स्वतः प्रसिद्ध केलेल्या होत्या, त्यामुळे त्यांचा शोध घेण्यात त्यांच्या इच्छेचा भंग नव्हता. हा फरक वाचकांनी ओळखला, याचे मला फार कौतुक वाटते.

हे वाचक आंधळे भक्तही नाहीत. पहिल्या दोन पुस्तकांत विनोदांची माळ आहे, गोष्ट विरळ आहे, हे ते स्वतःच नव्या माणसाला सांगतात. ‘इंटरेस्टिंग टाइम्स’ (१९९४) मधील पूर्वेकडच्या साम्राज्याचे चित्रण ठरीव साच्यांवर बेतलेले आहे, अशी टीका त्यांच्यातच होते आणि ती मला योग्य वाटते. आजारपणातील ‘रेझिंग स्टीम’ (२०१३) मध्ये वाक्यांचा पूर्वीचा नेटकेपणा राहिलेला नाही, हेही खरे आहे.

म्हणून सुरुवात कुठून करावी, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. मालिकेतील जवळजवळ प्रत्येक कादंबरी स्वतंत्र वाचता येते, पण पात्रांनुसार तिचे प्रवाह पडतात: शहराचे पहारेकरी, चेटकिणी, मृत्यू, जादूगार, आणि टिफनी एकिंग ही धनगरांच्या घरातली मुलगी. पहारेकऱ्यांचा प्रवाह ‘गार्ड्स! गार्ड्स!’ (१९८९) पासून सुरू होतो, आणि तिथला दारूच्या आहारी गेलेला व्हाइम्स पुढच्या पुस्तकांत, कामाचा कितीही भार असला तरी रोज सहाच्या ठोक्याला घरी पोहोचून आपल्या लहान मुलाला चित्रांचे पुस्तक वाचून दाखवणारा बाप कसा होतो, हे क्रमाने वाचण्यातच आनंद आहे. ज्याला एकच कादंबरी वाचायची असेल, त्याने ‘स्मॉल गॉड्स’ (१९९२) घ्यावी. धर्मसंस्था प्रचंड झालेली आणि देवावर खरी श्रद्धा असलेला मात्र एकच साधा बागराखा मुलगा उरलेला, अशी तिची गोष्ट कोणत्याही देशातील वाचकाला परकी वाटणार नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी टिफनीची ‘द वी फ्री मेन’ (२००३) उत्तम. ‘द शेफर्ड्स क्राउन’ मात्र सर्वांत शेवटी ठेवावी, कारण तिच्या आरंभीच जे घडते, त्याचे मोल चेटकिणींची आधीची पुस्तके वाचल्यावाचून कळत नाही.